सोडलेला ऊस पुन्हा का लावला? मांजराकाठच्या एका शेतकरी कुटुंबाचे प्रकरण

२०२२ च्या मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात कळंब तालुक्यात, मांजरा धरणाच्या फुगवट्यालगतच्या (धरणामागे पसरणाऱ्या पाण्यालगतच्या) एका गावातून तीन एकर उसाचा शेवटचा ट्रॅक्टर भरून निघाला. तेव्हा बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याने चालकाला बजावले होते, "आता या वाटेला येऊ नका. ह्या रानात उसाचं टिपरूसुद्धा दिसायचं नाही." त्याच शेतकऱ्याने जानेवारी २०२५ मध्ये त्याच रानात सऱ्या पाडून पुन्हा ऊस लावला. मधल्या अडीच वर्षांत उसाने त्याचे काही भले केलेले नव्हते आणि कारखान्याच्या कारभारातही त्याला दिसेल असा फरक पडलेला नव्हता. तरीही हा माणूस परत का आला, एवढ्याच प्रश्नाचा माग येथे घेतला आहे.

कुटुंबाचे आणि गावाचे नाव देत नाही. कुटुंबप्रमुखांना घरात आणि गावात तात्या म्हणतात, म्हणून येथेही तेच नाव वापरतो. जमीन सात एकर, त्यातली चार एकर ओलिताची. एक विहीर आहे आणि फुगवट्यातून आणलेली पाइपलाइन आहे, जिच्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. घरात तात्या, काकू, थोरला मुलगा आणि सून. धाकटा मुलगा पुण्यात खासगी नोकरीत आहे. काकूंनी पत्र्याच्या डब्यात गेल्या दहा-बारा वर्षांच्या उसाच्या पावत्या, आडत्याच्या पट्ट्या आणि सोसायटीचे उतारे जपून ठेवले आहेत. पुढचे आकडे त्या डब्यातून आणि जिथे कागद नव्हता तिथे थोरल्याच्या वहीतून घेतले आहेत. ते एका घराचे आकडे आहेत, तालुक्याची सरासरी म्हणून कोणी वाचू नयेत.

उभा राहिलेला ऊस

२०२१-२२ हा महाराष्ट्राच्या साखर धंद्याचा विक्रमी हंगाम होता. राज्यात सुमारे १३७ लाख टन साखर तयार झाली आणि उत्पादनात महाराष्ट्राने उत्तर प्रदेशाला मागे टाकले. सलग चांगल्या पावसाने धरणे भरली होती, मराठवाड्यात ज्याच्याकडे पाणी होते त्याने ऊस लावला होता आणि हा सारा ऊस तोडायला ना पुरेशा टोळ्या होत्या ना गाळायला पुरेसे कारखाने. ज्या बीड जिल्ह्याच्या सीमेला हे गाव लागून आहे, त्याच जिल्ह्यातले हजारो कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, दिवाळीआधी कोल्हापूर, सांगली आणि कर्नाटकाकडे निघून गेले होते. तोडणारे हात या मुलखाचे आणि तोडणीची वाट पाहणारा ऊसही याच मुलखाचा, हे या धंद्याचे जुने दुखणे आहे.

तात्यांचा ऊस जानेवारी २०२१ मधली सुरू लागण होता, म्हणजे बारा महिन्यांनी तो तुटायला हवा होता. कारखान्यात नोंद वेळेत झाली होती, पण तात्या तिथले बिगरसभासद. आधी सभासदांचा ऊस, मग बाकीच्यांचा, हा क्रम कागदावर नसला तरी गटकार्यालयात सर्वांना ठाऊक असतो. फेब्रुवारीत तुरे आले, मार्चमध्ये कांडी आतून पोकळ व्हायला लागली, एप्रिलमध्ये वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, वाळून पांढरे पडले. थोरला मुलगा रोज सकाळी चिटबॉयच्या, म्हणजे उसाची नोंद घेणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, घरी जाऊन बसत असे, आणि "उद्या टोळी टाकतो" हे वाक्य त्याने किती वेळा ऐकले याची गणती त्याच्या वहीतही नाही. अखेर मे महिन्यात दुसऱ्याच कारखान्याची टोळी मिळाली, तीही टोळीला एकरी पाच हजार रुपये खुशाली, म्हणजे वरचे पैसे, कबूल केल्यावर. वाहनचालकाची खेपेमागची पाचशे रुपयांची 'एंट्री' वेगळी. एरवी एकरी चाळीस टन देणाऱ्या रानातून सत्तावीस टन ऊस निघाला. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला २,०५० रुपये हाती आले. पिकवण्याचा चाळीस हजारांचा खर्च, खुशाली आणि एंट्री काढून टाकली, तर एकरी साडेनऊ हजार रुपये उरले, आणि त्यासाठी रान सोळा महिने अडकून पडले.

त्या उन्हाळ्यात सरकारने काही केले नाही असे नाही. १ मेनंतर गाळलेल्या उसाला उताऱ्यातल्या, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणातल्या, घटीपोटी टनाला २०० रुपये आणि दूरच्या वाहतुकीसाठी किलोमीटरमागे ठराविक रक्कम देण्याचा निर्णय झाला. या मदतीमागचा हिशोब मात्र कारखान्याच्या तोट्याचा होता. उभ्या उसाचे रानात वाळून गेलेले वजन कोणत्याही अनुदानाच्या हिशोबात बसत नाही, कारण काट्यावर जे चढलेच नाही त्याची पावती कोण देणार?

सोयाबीनची दोन वर्षे

जून २०२२ पासून ओलिताच्या रानात खरिपाला सोयाबीन आणि रब्बीला हरभरा आला. पहिले वर्ष बरे गेले. सोयाबीन एकरी आठ क्विंटल झाले, पाच हजारांच्या आसपास भाव मिळाला, हरभऱ्याने भर घातली आणि खर्च वजा जाता एकरी सुमारे बत्तीस हजार शिल्लक राहिले. दुसऱ्या वर्षी घडी विस्कटली. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. शेंगा भरायच्या ऐन वेळी पावसाने दडी मारली, त्यातच पिवळा मोझॅक हा रोग आला आणि सोयाबीन एकरी चार क्विंटलवर थांबले. हरभऱ्याने मात्र हात दिला, त्याला त्या उन्हाळ्यात हमीभावाच्या वर दर मिळाला. तरीही वर्षाअखेर एकरी अठरा हजारच राहिले.

येथवर गोष्ट उत्पन्नाची आहे. परंतु काकूंशी बोलताना लक्षात आले की त्यांच्या आठवणीत हे आकडे जवळजवळ नाहीतच. त्यांना आठवते ती गंज, म्हणजे कापलेल्या पिकाचा रचलेला ढीग. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन कापून गंज लावायची, वर ताडपत्री टाकायची आणि मळणीयंत्राचा नंबर येईपर्यंत आभाळाकडे पाहत बसायचे. परतीचा पाऊस आला तर खालचा थर काळा पडतो. पाऊस नाही आला तर वेगळी धास्ती असते, कारण भांडणातून रात्री कुणी काडी लावली तर वर्षाचे पीक अर्ध्या तासात जाते, आणि तसे प्रकार या भागात दरसाल एखाद्या तरी गावात घडतात. "उसाला राखण लागत नाही," असे काकू म्हणाल्या. "उसाला कुणी पोत्यात भरून नेईल का? गंजीपायी दोन वर्षं ह्यांना घरात झोप म्हणून नाही." त्यांचे दुसरे गाऱ्हाणे बायांच्या रोजगाराचे होते. सोयाबीनची कापणी सगळ्या गावात एकाच आठवड्यात येते, तेव्हा मजुराला तोंड मागेल तो दर द्यावा लागतो आणि तरीही सून व काकूंना स्वतः वाकावे लागते.

तिसऱ्या खरिपात, २०२४ मध्ये, पीक चांगले आले आणि भाव पडला. हमीभाव होता ४,८९२ रुपये, आडतीवर मिळत होते ४,१०० च्या आसपास. हमीभाव केंद्रावर जावे तर ओलाव्याची अट बारा टक्के. ती पंधरा टक्क्यांपर्यंत सैल झाली नोव्हेंबरात, तोवर तात्यांचा माल विकून झाला होता. माल विकला त्या दिवशी तात्या आणि थोरल्यासोबत मीही आडतीवर गेलो होतो. आडत्याच्या माणसाने पोत्यात बंबू खुपसून मूठभर दाणे काढले, तळहातावर पसरले, दोन दाणे दाताखाली फोडले आणि मान हलवून म्हणाला, "डागी आहे, ओलं आहे, शंभर कमी लागतील." तात्या काही बोलले नाहीत. पट्टीवर हमाली, तोलाई कापून रक्कम आली, आडत्याची जुनी उचल त्यातच वळती झाली आणि परत येताना ते टेम्पोत एवढेच म्हणाले, "माल आपला आणि किंमत त्याच्या तोंडून निघंल ती."

मला हे वाक्य या प्रकरणाची किल्ली वाटते. उसाच्या काट्यावर फसवणूक होत नाही असे तात्या मानत नाहीत. काटामारीवर ते तासभर बोलू शकतात. पण उसाची किंमत कुणा एकाच्या तोंडून निघत नाही.

मोजलेली बाकी

उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार हंगामाआधी जाहीर करते. २०२५-२६ साठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये होता. त्यातून महाराष्ट्रात तोडणी-वाहतूक कापली जाते. ही कपात वाजवीपेक्षा जास्त असते अशी तक्रार सर्वत्र आहे आणि ती बहुधा खरीही आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाल्यास पंधरा टक्के दराने व्याज द्यावे लागते. तात्यांना हे व्याज आजवर कधी मिळालेले नाही. बिलही चौदा दिवसांत आल्याचे पावत्यांत एकदाच दिसते.

मग या कायद्याचा उपयोग काय? उपयोग असा की थकलेले पैसेही मोजलेले असतात. कोणत्या कारखान्याकडे किती बाकी आहे हे साखर आयुक्तालय जाहीर करते, ती वसूल करण्यासाठी महसुली जप्तीचा आदेश निघू शकतो, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत त्यावर दरवर्षी रान उठते. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली, तेव्हा शेतकरी नेते राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. सोयाबीनला आठशे रुपये कमी मिळाले तर ती कुणाचीच थकबाकी नसते, तो फक्त पडलेला बाजार असतो. उसाच्या शेतकऱ्याला निदान भांडायला समोर एक दार आहे. १९८० मध्ये शरद जोशींनी उसाला टनाला तीनशे रुपये मागत नाशिक जिल्ह्यात आंदोलन उभे केले, तेव्हापासून हे दार ठोठवायची सवय या राज्यातल्या ऊसकऱ्याला लागली आहे. सवय हाही बांधून ठेवणारा धागा असतो, असे माझे मत आहे.

परतीचा निर्णय

२०२४ च्या पावसाळ्यात धरण पुन्हा भरले आणि गावात सऱ्या पाडायला ट्रॅक्टर फिरू लागले. तात्यांच्या घरात दिवाळीनंतर आठवडाभर वाद चालला. थोरल्याचे म्हणणे होते, तीन एकर ऊस लावू. धाकट्याने पुण्याहून फोनवर विरोध केला आणि २०२२ ची आठवण करून दिली. काकूंनी आधी कुणाचीच बाजू घेतली नाही.

निर्णयाला वळण दिले पाइपलाइनने. तिचा वार्षिक हप्ता भरायला एकगठ्ठा रक्कम लागते, आणि सोयाबीन-हरभऱ्याचा पैसा येतो तो चार तुकड्यांत, येईल तसा किराण्यात आणि दवाखान्यात विरघळतो. उसाचे बिल बँकेत येते, त्यातून सोसायटीचे कर्ज परस्पर वळते होते आणि उरते ती ठळक रक्कम असते. पीककर्जही नेहमीच्या पिकांपेक्षा उसाला एकरी बरेच जास्त मिळते, कारण देणाऱ्याला वसुलीची जागा आधीच माहीत असते. शिवाय बेणे आणि खते कारखान्याकडून उधारीवर मिळाली. थोरला म्हणाला, "ऊस म्हणजे रानात ठेवलेली ठेव आहे, मोडता येत नाही म्हणून टिकते." हीच बाब उलटीकडूनही पाहता येते. ज्या पाइपलाइनसाठी ऊस हवा, ती पाइपलाइन मुळात उसासाठीच टाकली होती. पाण्यासाठी कर्ज, कर्जासाठी ऊस आणि उसासाठी आणखी पाणी, या फेऱ्यातून बाहेर पडायचे तर हप्ते संपेपर्यंत दुसऱ्या कशाने तरी भरावे लागतात.

दुसरे कारण माणसांचे. थोरल्याला पाठीचा त्रास आहे, तात्या साठीला टेकले आहेत. उसाला लागण, खुरपणी, खते आणि मोठी बांधणी एवढे चार-साडेचार महिने कष्ट असतात. त्यानंतर पाणी देणे आणि हुमणीवर (मुळे खाणाऱ्या अळीवर) नजर ठेवणे एवढेच काम राहते, आणि तोडणी कारखान्याच्या टोळीच्या हातात असते. ज्या घरातला एक मुलगा गाव सोडून गेला आहे, त्या घराला हे पीक परवडते. गावातले शिकलेले लोक उसाला 'आळशाचे पीक' म्हणतात. तो शब्द मला अन्यायाचा वाटतो, कारण हात कमी पडणे आणि आळस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाण्याची किंमत या सगळ्या बोलण्यात एकदाही निघाली नाही. निघण्याचे कारणही नव्हते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून वीजबिल नाही, आणि सिंचनाची पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी पीक आणि क्षेत्र पाहून आकारली जाते, घनमीटर मोजून नव्हे. राज्याच्या पिकाखालील जमिनीच्या चार टक्क्यांच्या आसपास क्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यातला सुमारे सत्तर टक्के वाटा घेतो, हे कृषिमूल्य आयोगाने अनेकदा लिहिले आहे. याच मांजरा खोऱ्यात २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तात्यांना तो उन्हाळा चांगला आठवतो, त्यांची विहीर तेव्हा कोरडी होती. पण पाणी वाचवले तर ते आपल्या नावावर राहत नाही, शेजाऱ्याच्या मोटारीत जाते, हा त्यांचा युक्तिवाद खोडून काढणे मला जमले नाही.

काकूंनी शेवटी एका अटीवर होकार दिला. ओलिताच्या चौथ्या एकरात ऊस येणार नाही, तिथे हरभरा राहील.

हिशोब

जानेवारी २०२५ ची लागण फेब्रुवारी २०२६ मध्ये, तेराव्या महिन्यात तुटली. मध्ये सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी होऊन गेली. त्या पावसात शेजारच्या रानांतले सोयाबीन पाण्याखाली कुजले. तात्यांचा ऊस आडवा झाला, खालच्या सखल पट्ट्यात पाणी साचून त्याची वाढ खुंटली, तरी तो मेला नाही. एकरी पस्तीस टन निघाला. टनाला २,६०० रुपये हाती आले, म्हणजे एकरी ९१,००० रुपये. त्यातून खर्चाचे बेचाळीस हजार जाऊन एकोणपन्नास हजार उरले. खुशाली या वेळी द्यावी लागली नाही, एंट्री किरकोळ होती म्हणून धरलेली नाही.

आता दोन्ही बाजू समोरासमोर ठेवू. उसाच्या दोन पिकांनी मिळून एकोणतीस महिन्यांत एकरी साडेअठ्ठावन्न हजार दिले. सोयाबीन-हरभऱ्याने पहिल्या दोन वर्षांत, म्हणजे चोवीस महिन्यांत, पन्नास हजार दिले. महिन्यामागे काढले तर दोन्हीकडे आकडा दोन हजारांच्या घरात येतो, उसाचा किंचित कमीच. हा हिशोब मी थोरल्याला त्याच्याच वहीवर करून दाखवला. त्याने तो दोनदा तपासला, बरोबर आहे म्हणाला आणि वही मिटली. नंतर चहा पिताना म्हणाला, "तुमचं गणित बरोबर आहे दादा, पण त्यात गंज कुठं आहे?"

त्याचे बरोबर होते. उसाचे वाईट वर्ष त्यांनी एकदा भोगले आणि त्याला ते अपघात म्हणतात. सोयाबीनची काळजी दर ऑक्टोबरला नेमाने येते. आजवर 'ऊस का सोडत नाहीत' या प्रश्नाची उत्तरे मी उत्पन्नाच्या तक्त्यांत शोधत आलो होतो. या घरापुरते तरी म्हणतो, तक्ता पुढे करून हे लोक उसापासून हलणार नाहीत, कारण तक्ता पाहून ते उसाकडे आलेलेच नाहीत.

जो परत आला नाही

याच शिवारात एक शेतकरी २०२२ नंतर खरोखरच उसातून बाहेर पडला. त्याने दोन एकर तुती लावली आणि रेशीमकिड्यांचे शेड उभारले. त्याचे बरे चालले आहे, पण घरात राबणारी चार माणसे आहेत आणि कोषविक्रीला बीड, जालना येथे बाजारपेठ मिळाली आहे. तात्या त्याचे कौतुक करतात आणि पुढे म्हणतात की ते आपल्याला जमायचे नाही. शेडमध्ये तान्ह्या लेकराची करावी तशी देखभाल करणारे हात त्यांच्या घरात नाहीत, ही वस्तुस्थिती आहे.

वरून आलेल्या उपायांची नोंद थोडक्यात करतो. मराठवाड्यात ऊसलागवडीवर आणि नव्या कारखान्यांवर बंदी घालावी, अशी शिफारस २०१९ मध्ये औरंगाबादच्या विभागीय आयुक्तांच्या अहवालात होती. पुढे काही झाले नाही. उसाला ठिबक सक्तीचे करण्याचे धोरण त्याआधी आले होते. तात्यांच्या गावात ठिबक आहे, ते सक्तीमुळे आलेले नाही. ज्यांची विहीर मार्चमध्ये आटते त्यांनी ते बसवले आहे, फुगवट्यावर मोटार असलेल्यांपैकी फार थोड्यांनी. तात्या दुसऱ्या गटातले.

फेब्रुवारीत तोड संपल्याच्या तिसऱ्या दिवशी चिटबॉय मोटारसायकलवरून बांधावर आला. रानात पाचट तसेच पसरलेले होते. ते पेटवायचे की कुट्टी करून ठेवायचे यावर बापलेकांचे एकमत व्हायचे होते. चिटबॉयने बसल्या जागी नोंदवही उघडून विचारले, "तात्या, खोडवा धरू ना?" खोडवा म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारे पीक. त्याला बेणे नाही, लागण नाही, सऱ्या नाहीत, खर्च जवळपास निम्मा. तात्यांनी थोरल्याकडे पाहिले, थोरल्याने धाकट्याला फोन लावला, तो उचलला गेला नाही. तात्या म्हणाले, "तीन एकर लिहा. चौथं नाही, ते हिचं आहे."